‘नाडा अप्रूव्ड’ डबा आणि कच्चं बिल

डब्यावर ‘नाडा अप्रूव्ड’ छापलेलं दिसलं की व्यवहार तिथंच थांबवा. नाडा ही आपल्याकडं खेळाडूंच्या उत्तेजक चाचण्या घेणारी राष्ट्रीय संस्था. ती कुठल्याच सप्लिमेंटला मान्यता देत नाही, आणि तिच्या वरची जागतिक संस्था वाडाही देत नाही. म्हणजे असा शिक्का मारणाऱ्यानं झाकण उघडायच्या आधीच तुमच्या गळ्यात एक खोटं मारलेलं असतं. आमच्या तालमीत अशा डब्यांची चळत लागली होती, म्हणून सविस्तर लिहितोय.

धाकटा भाऊ कोल्हापुरात तालमीत राहतो, ७४ किलोत मॅटवर खेळतो. दूध, तूप, बदाम, अंडी, आठवड्याचं मटण हा सगळा खुराक घरच्या दोन म्हशी आणि माझा पगार मिळून भागवतो. पैलवान पोसणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको. अशा घरी येऊन कुणी म्हणालं, “एवढं घालूनही पोराला प्रोटीन कमी पडतंय,” की जीव खालीवर होतो. यांचा धंदा त्याच्यावरच चालतो.

तालमीत ‘मोफत शरीर तपासणी शिबिर’ लागलं. इस्त्रीचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, ‘स्पोर्ट्स न्यूट्रिशनिस्ट’ अशी ओळख. वजनकाट्यासारखं यंत्र, त्यावर अनवाणी उभं राहायचं, की खालून छापील चिठ्ठी यायची. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर प्रोटीनपुढं लाल खूण. भाकरी थापणाऱ्या मावशी गंमत म्हणून उभ्या राहिल्या, त्यांनाही लाल खूण! असली यंत्रं अंगातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतात आणि त्यावरून पाणी-चरबीचा अंदाज बांधतात. तुम्ही काल काय खाल्लं, हे त्यांना कळायचा काही मार्ग नाही.

वस्ताद म्हणाले, “दूध प्या की लेकांनो.” त्यावर त्या गृहस्थाचं उत्तर तयार होतं : “वस्ताद, आता मातीचा नाही, मॅटचा जमाना आहे.” पोरं हसली आणि वस्ताद गप्प बसले. दोन किलोचा व्हे प्रोटीनचा (दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रोटीनच्या पावडरीचा) डबा, छापील किंमत ७,४९९, ‘तालमीसाठी खास’ ४,८०० ला. वर सरावाआधी पाण्यात टाकून प्यायचे चमकदार पाउच फुकट.

आता सप्लिमेंट म्हणजे सगळं थोतांड, असं माझं म्हणणं नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१८ मध्ये यावर तज्ज्ञांचं एकमत प्रसिद्ध केलं. त्यात कामगिरी वाढल्याचा भक्कम पुरावा असलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत : क्रिएटिन, कॅफिन, बीटाचा रस ज्यासाठी पितात ते नायट्रेट, बीटा-अॅलनिन आणि खायचा सोडा. क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं, पण त्यानं अंगात पाणी धरून वजन चढू शकतं, हे वजनगटात खेळणाऱ्याला कुणी सांगत नाही. कॅफिन २००४ पासून बंदीच्या यादीत नाही. राहिलं प्रोटीन. कसून सराव करणाऱ्याला किलोमागं साधारण १.२ ते २ ग्रॅम लागतं, म्हणजे ७४ किलोच्या पोराला ९० ते १५० ग्रॅम. म्हशीच्या लिटरभर दुधात ३५-४० ग्रॅम, सहा अंड्यांत ३५ च्या आसपास, त्यावर डाळ, शेंगदाणे, मटण. खुराक नीट असला तर डब्याची गरज कमीच. वजन तोडताना, प्रवासात, वसतिगृहाच्या पातळ वरणावर दिवस काढताना चांगल्या प्रतीचा व्हे उपयोगी पडतो, हेही खरं. त्या माणसानं यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

डबा दिसायला अस्सल होता. परदेशी कंपनीचं नाव, झाकणाखाली चंदेरी पत्रा, बाजूला खरवडायचा कोड. कोड टाकला की हिरवी बरोबरची खूण येऊन ‘अस्सल उत्पादन’ असं दिसायचं. दुसरा डबा आणला तेव्हा भावानं सहज दोन्ही शेजारी ठेवले. बॅच नंबर तोच. एकवेळ म्हटलं, असेल एकाच लॉटमधला. पण खरवडल्यावर कोडही तोच निघाला, शेवटच्या अंकापर्यंत! प्रत्येक डब्याला वेगळा असायचा तो कोड, आणि इथं दोन्हींना एकच, तरी दोन्ही वेळा हिरवी खूण. संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचला तर कंपनीच्या नावात एक अक्षर जास्तीचं. डब्याबरोबर तपासणीसुद्धा बनावट करून दिली होती.

मग उकळत्या पाण्यात चमचाभर पावडर टाकून बघितली. साधा व्हे उकळत्या पाण्यात सहसा फाटल्यासारखा गुठळ्या धरतो. हा साखरेगत विरघळला आणि चव नुसती गोड. यावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत नमुना दिला. लेबलवर ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ८० टक्के. अहवालात आलं २६ टक्के, बाकी बहुतेक कर्बोदकं. तिथल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, “या २६ वरही फार विसंबू नका. नेहमीच्या चाचणीत आम्ही नायट्रोजन मोजतो आणि त्यावरून प्रोटीनचा हिशेब करतो. स्वस्तातलं ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल मिसळलं तरी तो आकडा फुगतो.” चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दूधपावडरीत मेलामाइन हे नायट्रोजन भरपूर असलेलं रसायन घातलं होतं, ते याच पळवाटेनं.

इथवर गेले ते पैसे. खरा धोका पाउचमध्ये होता.

आमच्या तालमीत पूर्वी राहिलेला एक जण आता फिजिओथेरपिस्ट आहे. तो आला होता, त्यानं पाउच उलटा करून वाचायला घेतला. मागं मुंगीएवढ्या अक्षरात ‘जिरॅनियम एक्स्ट्रॅक्ट’. त्यानं विचारलं, “हे पिल्यावर काय होतं?” भाऊ म्हणाला, “कान तापत्यात, छाती धडधडती, पण दम लई टिकतो.” त्यानं पाउच सरळ खिशात घातला. या नावाखाली मिथाइलहेक्झानामीन नावाचं उत्तेजक खपवलं जातं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपले कुस्तीगीर आणि जलतरणपटू याच द्रव्यात सापडले होते. आमच्या पाउचमध्ये ते होतंच, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. ती तपासणी आमच्या खिशाला झेपणारी नव्हती. पण जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर आलेली. वस्तादांनी भावाला उतरू दिलं नाही. पुढचं वर्ष त्याचं असंच गेलं.

कारण नियम कडक आहे. अंगात जे सापडलं त्याला खेळाडू जबाबदार, कुणी दिलं आणि कसं गेलं हे नंतर. जिम्नॅस्ट दीपा कर्माकरच्या नमुन्यात हायजेनामीन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. आपण ते नकळत घेतलं असं तिनं सांगितलं, तरी २१ महिन्यांची बंदी झाली. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव तर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला पोहोचला होता. नमुन्यात सापडलेलं उत्तेजक आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, हे त्याचं म्हणणं नाडानं मान्य केलं, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं केलं नाही, आणि चार वर्षं गेली. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेनं २०००-०१ मध्ये वेगवेगळ्या देशांतली ६३४ सप्लिमेंट तपासली होती. त्यातल्या जवळजवळ १५ टक्क्यांत लेबलवर नसलेली स्टेरॉइडच्या जातीची द्रव्यं निघाली. तपासलेली बहुतेक सप्लिमेंट दुकानातून रीतसर घेतलेली होती.

आता कच्च्या बिलाचं सांगतो, कारण हे कुठंच कुणी सांगत नाही. आम्हाला मिळालेल्या कागदावर वर ‘एस्टिमेट’ आणि खाली ‘जिम साहित्य – १ नग’ एवढंच. दुकानाचं नाव नाही, बॅच नाही. आम्हाला वाटलं, जीएसटी चुकवत असतील. पण दूषित उत्पादनामुळं चाचणीत सापडलो असं सिद्ध केलं तर खेळाडूची शिक्षा कमी होऊ शकते, अगदी समजेवरही भागू शकतं. ते सिद्ध करायला तोच डबा, त्याच बॅचचा न उघडलेला दुसरा डबा आणि तो कुठून घेतला याचा कागद हाताशी लागतो. ‘जिम साहित्य – १ नग’ घेऊन सुनावणीला कोण उभं राहणार?

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “सील तुम्ही तोडलंय, आत काय भरलं मला काय माहीत?” नंतर नंबर बंद. अन्न व औषध प्रशासनाकडं गेलो, तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, पण उघडलेल्या डब्यावर कारवाई उभी राहत नाही म्हणाले. नशिबानं सांगलीकडच्या एका पोरानं आपला डबा आत्याकडं जसाच्या तसा ठेवला होता. तो जमा केलाय, अहवाल यायचाय.

ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ ही चिन्हं बघावीत. इन्फॉर्म्ड स्पोर्टमध्ये प्रत्येक बॅच बाजारात यायच्या आधी बंदी असलेल्या द्रव्यांसाठी तपासतात. तो बॅच नंबर त्यांच्या संकेतस्थळावर शोधायचा, पत्ता स्वतः टाइप करून. डब्यावरचा क्यूआर स्कॅन करून नाही. तरीही शंभर टक्के हमी कुणीच देत नाही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी क्रमांक असतो तो परवान्याचा. त्यावरून डब्यात उत्तेजक नाही असा अर्थ निघत नाही. बिलावर बॅच नंबर लिहून मागा. दुकानदार कां-कूं करायला लागला तर पैसे काढूच नका.

परवा इचलकरंजीतल्या एका पोरानं फलकाचा फोटो पाठवला. शिबिराचं नाव बदललंय, यंत्र तेच, टी-शर्टवाला गृहस्थही तोच. कुणी तिथून डबा घेतला असेल तर झाकणाला हात लावू नका, तसाच अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात न्या आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. एकट्याच्या डब्यापेक्षा चार तालमींचे चार सीलबंद डबे गेले तर त्या गृहस्थाला हात वर करता येणार नाहीत.