माळावरची गवतफेरी : लांडग्यासाठी नव्हे, गवतासाठी जावी

इंदापूर तालुक्यातील माळावर एक छोटी संस्था अर्ध्या दिवसाची फेरी घडविते. जाहिरातीत लांडगा आणि चिंकारा ठळक असल्याने आम्हा नऊ जणांचे डोळे क्षितिजाकडेच लागले होते. या फेरीचे खरे मोल मात्र पायांखाली आहे.

मार्गदर्शकाने लागून असलेले तीन तुकडे दाखविले. पहिले राखीव कुरण, जेथे कापणी होईपर्यंत जनावरे सोडत नाहीत. तेथे शेडा आणि मारवेल यांची दाट ठोंबे उभी होती. दगडी बांधापलीकडच्या गायरानात बाराही महिने चराई चालते. गुरे गोड गवत आधी आणि फुलोऱ्यापूर्वीच खातात, त्यामुळे तेथे मारवेल शोधावे लागले आणि कुसळीचेच राज्य होते. मार्गदर्शकाने एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला, तेव्हा त्याची पिळदार शेपटी सावकाश उलगडत फिरू लागली. पहिल्या पावसात बी याच युक्तीने मातीत शिरते. तिसरा तुकडा कधीकाळी नांगरून नंतर पडीक टाकलेला होता. ठोंबे मुळासकट उखडली गेल्याने तेथे टाकळा, कुर्डू आणि गाजरगवत माजले होते.

विवेचन मात्र एका ठिकाणी उथळ वाटले. प्रत्येक बिघाडाचे खापर चराईवर फोडले गेले. वस्तुतः चराई आणि कापणी दोन्ही पूर्ण थांबविल्यास वाळके गवत साचून त्याखालच्या लहान वनस्पतींना ऊन मिळत नाही, आणि कळप घेऊन पुढे सरकणाऱ्या धनगराची चराई ही बारमाही चराईहून वेगळी असते. खतांविषयीचा माझा प्रश्न तर अनुत्तरितच राहिला. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे 1856 पासून चालू असलेल्या गवताळ जमिनीच्या प्रयोगात वर्षानुवर्षे नत्रखत दिलेल्या वाफ्यांत वनस्पतींच्या जाती घटत गेल्या, खताविना राखलेल्या वाफ्यांत त्या भरपूर टिकल्या. शेजारच्या उसाचे खतपाणी माळाच्या कडेला झिरपत असताना हा विषय टाळण्याजोगा नव्हता.

फेरी पाऊण तास उशिरा निघाली आणि हाती दिलेल्या पुस्तिकेत पक्षीच पक्षी होते, गवत एकही नव्हते. तरीही तीन तुकडे शेजारी-शेजारी पाहण्याची सोय एवढ्या एका कारणासाठी सातशे रुपये मला वाजवी वाटले. पावसाळा सरताना, गवत फुलोऱ्यावर असताना जावे आणि जाड कापडाची पँट घालावी. माझ्या मोज्यांतली कुसळे दुसऱ्या दिवशीही निघत होती.