मुलांचं कॉलरवालं लाइफ जॅकेट: घेण्यासारखं, पण लेबल वाचून

म्हापशाच्या बाजारात किंवा कळंगुटच्या रस्त्यावर मुलांसाठी तीन वस्तू टांगलेल्या दिसतात: दंडातले फुगे, कमरेची रिंग आणि फोमचं जॅकेट. पहिल्या दोन खेळणी आहेत. फुगा ओल्या हातावरून सटकतो, आणि रिंगमध्ये मूल उलटलं तर पाय वर, डोकं पाण्यात.

जॅकेट घेताना आतल्या लेबलावर 50 आहे की 100, ते आधी बघा. हे न्यूटन, म्हणजे जॅकेट किती जोराने तरंगवतं त्याचा आकडा. 50 चं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी असतं. पालथं पडलेल्या मुलाला ते उताणं करेलच असं नाही. 100 मध्ये मानेमागे कॉलर आणि छातीवर जास्त फोम असल्यामुळे तोंड सहसा वर वळतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, म्हणून पैसे मोजायचे ते या कॉलरसाठी. लेबलच नसेल तर जॅकेट परत खुंटीला.

माप वयावर नाही, लेबलावरच्या किलोंवर ठरतं. गणवेशासारखं 'वाढत्या अंगाचं' घेतलं तर फसलात. सगळी बक्कलं लावून जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर ओढा. ते कानापर्यंत आलं तर पाण्यातही येणार, आणि मूल त्यातून खाली निसटणार. दोन पायांमधून जाणारा पट्टा याचसाठी असतो. तो काचतो म्हणून पोरं रडतात आणि घरचे सोडून ठेवतात, तिथेच घोळ होतो. बोटीवर चढण्याआधी उथळ पाण्यात एकदा तरंगवून बघा. रंग नारिंगी किंवा पोपटी घ्या. निळं जॅकेट पाण्यात हरवतं.

कॉलर गळ्याला घासते आणि मे महिन्यात आत घाम धरतो, या तक्रारी खऱ्या आहेत. खारं पाणी बक्कलात सुकलं की ते अडकतं, म्हणून दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. उन्हात कापड विटतं, शिवण कुजते.

जॅकेट घातलं म्हणून मोठ्यांनी शॅकमध्ये बसून राहायचं नाही. मूल हाताच्या अंतरावरच हवं, तेही लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, म्हणजे जीवरक्षकांची नजर असते तिथे. पावसाळी समुद्रात तर मुळीच नको. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या) मानशीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांपाशीही नको: ओहोटीला दारं उघडली की पाणी असं ओढतं, की तरंगणारं मूलही त्याबरोबर जातं.