झाकणं मोजली म्हणून चोरी कळली

कामाच्या खोलीची जमीन मी दोन घटकांच्या इपॉक्सी रंगाने रंगवून घेतली आणि त्यात सरळसरळ फसलो. पुढे कुणी असं काम करून घेणार असेल, तर त्याने हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जागा ४० चौरस मीटर, रंगाचे दोन हात द्यायचे ठरलेलं. चार संचांचे पैसे ठेकेदाराने आगाऊ घेतले. एका संचात ४ लिटर बेस, म्हणजे मूळ रंग, आणि १ लिटर हार्डनर, म्हणजे तो घट्ट करणारा घटक. चारही संच माझ्या समोर खोलीत आले, मी मोजून घेतले आणि निघून गेलो. रंग कालवताना तिथे थांबायला हवं, हे तेव्हा मला ठाऊकच नव्हतं.

काम झालं तेव्हा जमीन आरशासारखी चमकत होती. रिकामे डबे भंगारात देतो म्हणून तो घेऊनही गेला. चौथ्या दिवशी स्टूल उचललं तर त्याच्या चारही पायांचे ठसे रंगात उमटलेले. अंगठा दाबला, तर अंगठ्याच्या रेषा स्पष्ट दिसल्या. फोन केला, तर म्हणाला, "हवेत ओल आहे, आठवडाभर थांबा." थांबलो. चिकटपणा तसाच. मग तो स्वतः येऊन बघून गेला आणि म्हणाला, "वरून एक हात मारून देतो. हार्डनर वाढवून टाकतो, दगडासारखं होईल." त्या हाताचे पैसे वेगळे घेतले. मी दिलेही.

हार्डनर जास्त घातला की रंग लवकर आणि जास्त कडक होतो, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. इपॉक्सीत तसं नसतं. बेसमधली राळ आणि हार्डनर एकमेकांशी रासायनिकरीत्या जोडले जातात, ठरलेल्या प्रमाणात. हार्डनर कमी पडला तर राळेचा काही भाग जोडीदाराविना राहतो आणि थर मऊ, चिकट राहतो. जास्त झाला तर उरलेला हार्डनर थरातच अडकतो, पृष्ठभाग तेलकट किंवा पांढरट होतो आणि रंग पाण्याला, रसायनांना नीट टिकत नाही. माझ्याकडे दोन्ही गोष्टी एकावर एक झाल्या होत्या. खाली मऊ, वर तेलकट. महिनाभरात वरचा थर सालीसारखा निघायला लागला.

सगळं खरवडून काढायला घेतलं तेव्हा कपाट सरकवलं. मागे रंगाने माखलेल्या चिंध्यांचं बोचकं पडलं होतं आणि त्यात झाकणं होती. मोठी दोन, लहान एक. वरचा हात द्यायला तो आला तेव्हा त्याने रंग बाहेरूनच कालवून आणला होता, म्हणजे ही झाकणं पहिल्याच कामाची. मी तिथेच बसून हिशोब केला. दोन मोठी म्हणजे ८ लिटर बेस. त्याला हार्डनर हवा २ लिटर, उघडला एकच डबा. चाराला एक हे प्रमाण आठाला एक झालं होतं. बाकी भरती थिनरची. पूर्ण दोन संच आणि हार्डनरचा एक डबा त्याने उचलून नेला होता.

हार्डनर का कमी केला असेल, तेही पुढे लक्षात आलं. दोन्ही घटक एकत्र आले की रंग ठरावीक वेळच वापरता येतो, मग बादलीतच घट्ट होतो. हार्डनर कमी घातला की तो घट्ट व्हायला वेळ लागतो. सकाळी एकदाच सगळं कालवायचं आणि संध्याकाळपर्यंत रोलर फिरवायचा. वरच्या हातात "वाढवलेला" हार्डनर बहुधा माझाच, आधी वाचवलेला होता. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "इतकं मोजून कोण करतं? आमच्या हाताला अंदाज असतो." त्यानंतर फोन उचलणं बंद.

किती रंग लागणार, हे आधी काढता येतं. रंगाच्या माहितीपत्रकावर घन भागाची, म्हणजे वाळल्यावर उरणाऱ्या रंगाची, आकारमानातली टक्केवारी दिलेली असते. माझ्या रंगात ती ५० होती. म्हणजे १०० मायक्रॉनचा वाळलेला थर हवा असेल तर एक लिटर रंग कागदावर ५ चौरस मीटरला पुरतो. ४० चौरस मीटरला एका हातासाठी ८ लिटर, दोन हातांसाठी १६, वर नासाडी. चार संच म्हणजे २० लिटर, बरोबर होते. त्याने ९ लिटर रंग सगळीकडे पसरला. थिनर तर उडूनच जातो, त्यामुळे २०० मायक्रॉनच्या जागी जेमतेम ११० पडले असतील.

दुसऱ्यांदा काम करताना मी स्वतः उभा राहिलो, तरी एक चूक होता होता वाचली. मी वजनकाटा आणला होता आणि पत्रकावरचं ४:१ हे प्रमाण आकारमानाचं होतं. बेसमध्ये रंगद्रव्य असतं, तो जड. माझ्या बेसचं एक लिटर दीड किलो भरत होतं, हार्डनरचं एक किलो. त्यामुळे वजनात तेच प्रमाण ६:१ होतं. काट्यावर ४:१ घेतलं असतं तर हार्डनर दीडपट झाला असता. म्हणून प्रमाण वजनाचं की आकारमानाचं, हे डब्यावर स्वतः वाचा.

या वेळचा पेंटर मापाच्या खुणा असलेलं भांडं घेऊन आला. आधी त्याने नुसता बेस तळापासून ढवळला, कारण जड रंगद्रव्य खाली बसतं. हार्डनर ओतून, कडा आणि तळ खरवडत ढवळलं. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळलं. पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेला रंग चिकटून राहतो, तोच शेवटी रोलरवर येतो आणि तेवढाच पट्टा कधी वाळत नाही, असं त्याने मला दाखवून सांगितलं. कालवल्याची वेळ त्याने खडूने बादलीवर लिहिली.

रिकामे डबे आणि झाकणं मी खोलीतच ठेवून घेतली. सातव्या दिवशी थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा जमिनीवर घासला, बोळ्याला रंग लागला नाही. मग शेवटचा हप्ता दिला आणि डबे त्याला नेऊ दिले.