खारीसाठी पफ मार्गरिन: आणावं की नाही?

आमच्या कॉलेजच्या कंपूचं दर चार महिन्यांनी कोणाकडे तरी जेवण असतं आणि दर वेळी एक थीम. या खेपेला घर माझं, थीम 'इराणी हॉटेल'. खिमा-पाव, अकुरी, मावा केक, पॅटिस आणि शेवटी चहा-खारी. माझं बालपण गिरगावातलं, ग्रँट रोडच्या मेरवानचा मावा केक खात गेलेलं. त्यामुळे 'विकत आणू या' म्हणणाऱ्या नवऱ्याला गप्प केलं आणि खारी घरीच करायची ठरवली. तिथून सुरू झाली मार्गरिनची, म्हणजे लोण्याऐवजी वापरायच्या तेलाच्या घट्ट स्निग्धाची, भानगड.

रविवार पेठेत बोहरी आळीत बेकिंगचं सामान मिळतं. तिथल्या एका दुकानदाराने अनसॉल्टेड बटरची चौकशी करताच मान हलवली. "खारीला बटर? एप्रिलमध्ये? ताई, हे न्या." आणि पिवळ्याधमक लादीतून अर्धा किलो पफ मार्गरिन कापून दिलं. भाव बटरच्या निम्म्याहूनही कमी. मी हट्टाने बटरही घेतलं आणि घरी दोन्ही लावून पाहिलं.

माप दोन्हींचं एकच: पाव किलो मैदा, चमचाभर मीठ, साधारण 130 मिली गार पाणी, आत 150 ग्रॅम स्निग्ध. चिरोट्याला साटा लावायची सवय असल्याने हे जमेल असा माझा समज होता. पण साटा पसरतो, इथे अख्खी वडी पारीत गुंडाळून लाटायची असते. लाटायचं, तीन घड्या घालायच्या, अर्धा तास फ्रीज. असं चार वेळा केलं की स्निग्धाचे 81 पदर होतात.

बटरने दुसऱ्याच घडीला रडवलं. कडेने पाझरलं, लाटण्याला चिकटलं, पीठ ओट्यावरून उलथन्याने खरवडून काढावं लागलं. शेवटी परातीत बर्फ भरून ती ओट्यावर फिरवली, ओटा गार केला आणि रात्री अकरानंतर उरलेल्या घड्या घातल्या. मार्गरिन मात्र भर दुपारी, पंख्याखाली, मुकाट्याने लाटलं गेलं. बटर तिशी ओलांडली की सैल पडतं. हे मार्गरिन मुळात जास्त उष्णतेला वितळेल असंच बनवलेलं असतं, त्यामुळे पिठाइतकंच घट्ट राहतं आणि पदर फाटत नाहीत.

भट्टीत 200 अंशांवर वीस मिनिटं, मग 150 वर आणखी पंचवीस. हा दुसरा टप्पा गाळू नका. नाहीतर वरून खारी, आतून कच्चं पॅटिस. मार्गरिनची खारी दुप्पट उंच फुगली. बटरची थोडी बुटकी, पण वास असा की शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या.

आता चव. मला खात्री होती की बटर जिंकणार. पाहुण्यांना न सांगता दोन बशा ठेवल्या. बटरची खाऊन एक मैत्रीण म्हणाली, "मस्त आहे गं, पण ही खारी नाही, काहीतरी फॉरेनचं आहे." मार्गरिनची चहात बुडवून तीच म्हणाली, "ही कुठून आणलीस?" यापुढे मला पावती नको होती. चहात बटरची खारी विरघळून तळाशी बसते, मार्गरिनची चहा पिऊनही चिमटीत टिकते. आपल्या जिभेवर बेकरीची जी खारी आहे ती लोण्याची नव्हतीच, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं!

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खारी चहाशिवाय खाल्ली तर टाळूला मेणासारखा थर बसला, अर्धा तास गेला नाही. बटरची तशीच खुसखुशीत. म्हणून पॅटिसला मार्गरिन वापरलं ते चुकलंच. गरम होती तोवर ठीक, पण माणसं गप्पांत रमली, पॅटिस गार झाली आणि सहा तशीच उरली.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. सुट्टं कापून दिलेल्या पुडीवर ना तारीख, ना घटक, ना कंपनी. 2022 पासून आपल्याकडे तेला-तुपांत ट्रान्स फॅट 2 टक्क्यांवर चालत नाही, पण लेबलच नसेल तर गिऱ्हाइकाने काय वाचायचं? पुढच्या वेळी दुकानदाराला मूळ खोका दाखवायला सांगणार. नाही दाखवला तर बंद पाकिटातलंच घेणार, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पाचांपैकी गुण: खारीला चार, पॅटिसला दीड. फ्रीजमध्ये दोनशे ग्रॅम अजून पडलंय. बटरची खारी मात्र लेकाने चहाबिहा न घेता सोमवारपर्यंत संपवली, डबाही धुऊन ठेवला. तो कधीच डबा धूत नाही.