विजयनगरचं फॅमिली रेस्टॉरंट-बार: मुलांना नेण्याआधी हे वाचा

इंदुरातल्या रामबाग, लोकमान्यनगरकडची मराठी कुटुंबंही आता वाढदिवसाला विजयनगर गाठतात, आणि तिथल्या बऱ्याच मोठ्या हॉटेलांकडे बारचा परवाना असतो. हे परीक्षण अशाच एका दोन मजली जागेचं. जेवण चांगलं, कबाब गरमागरम येतात, रोट्या मात्र उशिरा. पण मुलं सोबत असली की चवीच्या आधी पाहायचं ते इतर गोष्टींकडे, आणि त्यात ही जागा बरीच सरस आहे.

खालचा हॉल जेवणाचा, बार वर. पालकांसोबत आलेल्या मुलांना खालीच बसवतात. वरच्या जिन्याशी माणूस उभा असतो आणि तो खरोखर अडवतो. वरचं टेबल हवं म्हणून हुज्जत घालू नका, तो त्याचं काम नीट करतोय.

मध्य प्रदेशात दारू देण्यासाठी किमान वय 21 आहे. पुण्या-नाशकाच्या पाहुण्यांचा इथे घोळ होतो, कारण महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि बाकी दारूला 25 अशी दोन वयं आहेत. खरी अडचण 18 ते 20 वयोगटाची. ड्रायव्हिंग लायसन्स 18 व्या वर्षी मिळतं, त्यामुळे वेटर लायसन्स बघतो आणि जन्मतारीख न बघताच परत देतो. काही ठिकाणी नुसती सालाची वजाबाकी करतात. मग डिसेंबरात 21 पूर्ण होणाऱ्याला जानेवारीतच ग्लास मिळतो. या हॉटेलात कॅप्टन पूर्ण तारीख वाचतो. जुन्या आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष असतं, ते इथे चालत नाही. डिजीलॉकरमधलं लायसन्स दाखवा, काम सोपं होतं.

आईवडिलांनी आपल्या ग्लासातला घोट पोराला चाखवणं मात्र कुठेही चालत नाही. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 प्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यात ‘घरचेच आहोत’ अशी सवलत नाही. हे पाहून वेटर टोकत असेल, तर त्याच्यावर चिडू नका.

सगळ्यात मोठी चूक मॉकटेलमध्ये होते. ‘व्हर्जिन मोहितो’, म्हणजे बिनदारूचं, सांगितलेलं असतं, गर्दीत ‘व्हर्जिन’ गळतं आणि बारकडे नुसतं ‘मोहितो’ जातं. तोच पुदिना, तेच लिंबू, तोच उंच ग्लास. मोहितोतली व्हाइट रम रंगहीन असल्याने नजरेला कळत नाही. या जागेने यावर उत्तम उपाय केलाय: मॉकटेल खालच्या ज्यूस काउंटरवरच बनतं आणि बुटक्या, कान असलेल्या बरणीवजा ग्लासात येतं. उंच ग्लास मुलासमोर आला की न चाखता परत पाठवा. बिलातही खातरजमा होते: दारूवर व्हॅट लागतो, जेवण आणि मॉकटेलवर जीएसटी. मुलाचं पेय व्हॅटच्या रकान्यात दिसलं, तर मॅनेजरला तिथेच बोलवा.

मिठाईच्या पानावर तिरामिसू आणि रम घातलेला चॉकलेट केक आहेत, त्यांच्यापुढे दारू असल्याची खूण नाही. कारमेल कस्टर्ड मागवा, ते छान आहे. मेनूत एक छोटी खूण छापायला फारसा खर्च येत नाही. हॉटेलने ते लगेच करायला हवं.

शनिवारी रात्री नऊनंतर वरचा आवाज खाली उतरतो, म्हणून लहान मुलं असतील तर साडेसातचं टेबल घ्या आणि फोनवरच ‘जिन्यापासून लांब’ असं सांगा. स्मोकिंग रूमचं दार वॉशरूमच्या बोळात उघडतं, ही मात्र अक्षम्य रचना आहे; मुलांना तिकडे एकटं पाठवू नका.