सिस्टर नॅन्सीची 'वन टू': आठ महिने ऐकल्यानंतर

'बॅम बॅम' या एका गाण्यासाठी जमैकन डीजे सिस्टर नॅन्सीची ही तबकडी मागवली होती. आज आठ महिन्यांनी सांगते, ते गाणं नसतं तरी मी ती ठेवून घेतली असती.

पहिली प्रत वाकलेली आली. सुई दर फेऱ्याला वरखाली व्हायची. विक्रेत्याने बदलून दिली, पण त्यात तीन आठवडे गेले. दुसरी प्रत मात्र सपाट आहे आणि अजून एकदाही अडकलेली नाही.

डीजे म्हटलं की आपल्याकडे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. जमैकात डीजे म्हणजे वाजणाऱ्या तालावर शब्द फेकणारा, गाणं आणि बोलणं यांच्या मधल्या जागेत वावरणारा कलावंत. तबकडी लावणारा तो सिलेक्टर. नॅन्सी, म्हणजे ऑफलिन रसेल, १९६२ साली किंग्स्टनमध्ये जन्मली. तिचा भाऊ ब्रिगेडियर जेरी नावाजलेला डीजे. साउंड सिस्टिमचा, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाचाचे कार्यक्रम करणाऱ्या तिथल्या मंडळींचा, माइक तेव्हा पुरुषांच्याच हाती असायचा, आणि विशीच्या आतल्या या मुलीने तो घेतला. १९८२ साली विन्स्टन रायली या निर्मात्याकडे तिने हा दहा गाण्यांचा अल्बम केला.

सुरुवातीला शब्द कळत नव्हते. जमैकन पॅटवा ही तिथली बोली इंग्रजीसारखी वाटते आणि हातातून निसटते. दुसऱ्या महिन्यात मी कळायची वाट पाहणं सोडलं आणि नुसता आवाज ऐकू लागले. तो कुठेच घाई करत नाही. ताल पुढे जात असतो, ती किंचित मागे रेंगाळते आणि ओळ संपता संपता बरोबर समेवर येऊन उभी राहते. हे सगळं विशीतल्या मुलीचं! अजूनही त्या जागांवर मी हातातलं काम थांबवते.

'बॅम बॅम'ची चाल तिची स्वतःची नाही. 'स्टॅलॅग' नावाचा हा रिडिम, म्हणजे शब्दांमागे वाजणारी ताल-बेसची तयार चाल, अॅन्सेल कॉलिन्सने रायलीसाठी १९७३ मध्ये वाजवला होता. त्याच चालीवर १९८५ मध्ये टेनर सॉने 'रिंग द अलार्म' केलं. एक चाल, शब्द प्रत्येकाचे वेगळे. भजनी मंडळात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. धृपदातले 'बॅम बॅम' हे शब्दसुद्धा मेटल्स या जमैकन गायकगटाच्या १९६६ च्या गाण्यापासून चालत आलेले. अल्बमला एक गाणं कमी पडत होतं, म्हणून हे शेवटी रेकॉर्ड झालं.

आणि याच गाण्याचे पैसे तिला तीस वर्षांहून अधिक काळ मिळाले नाहीत. १९९६ मध्ये ती अमेरिकेत न्यू जर्सीला गेली, तिथे बँकेत हिशेबाचं काम करत राहिली. गाणं मात्र चित्रपटात, इतरांच्या रेकॉर्डमध्ये फिरत होतं. २०१४ मध्ये एका बुटांच्या जाहिरातीत ते ऐकल्यावर तिने वकील गाठला आणि अल्बमचा अर्धा हक्क मिळवला. हे वाचल्यापासून याच अल्बममधलं 'ओन्ली वुमन डीजे विथ डिग्री' हे गाणं मला निराळं ऐकू येतं. पूर्वी ती मिरवतेय असं वाटायचं. आता वाटतं, ती आपलं नाव नोंदवून ठेवतेय.

माझ्या सर्वांत आवडीचं 'ग्वान अ स्कूल'. शाळेत जा, असं पोरांना सांगणारं गाणं; मोठी बहीण दारात उभी राहून बोलते तसं.

उणं काय? सलग ऐकलं तर मधली दोन-तीन गाणी एकमेकांसारखी वाटतात, चौथ्या महिन्यापर्यंत मला ती वेगळी ओळखता येत नव्हती. आणि फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकूच नका. खालचा बेस गेला की चालच उरत नाही, नॅन्सी हवेत बोलत राहते. साधे का होईना, दोन बरे स्पीकर घ्या आणि भिंतीपासून थोडे पुढे ठेवा. माझे वीतभर पुढे ओढल्यावर बेसची घुमणारी गुणगुण गेली आणि तिचा श्वास ऐकू येऊ लागला.