पर्सेपोलिस + क्लास ब्लॉग : इंग्लिशच्या तासाला वापरलं, कसं वाटलं

आधीच सांगून टाकते, पुस्तकाला पाचपैकी पाच, ब्लॉगला साडेतीन, आणि ते साडेतीन पण पोस्ट्समुळे नाही, कमेंट्समुळे. आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट बोर्डाच्या) अकरावी-बारावीला इंग्लिश शिकवते, यंदा मार्जान सत्रापीचं पर्सेपोलिस, म्हणजे तिने चित्रांतून सांगितलेली स्वतःची गोष्ट, लावलं आणि सोबत प्रत्येकाला ब्लॉग लिहायला सांगितला. बऱ्याच जणी विचारतायत की खरंच उपयोग होतो की नुसता डोक्याला ताप, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पुस्तक ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सत्रापी १९६९ ची, जन्म इराणमधल्या रश्तचा, वाढली तेहरानमध्ये. ती दहा वर्षांची होते तोवर क्रांती झालेली, मग इराकशी युद्ध, मग आईवडील तिला चौदाव्या वर्षी एकटीला व्हिएन्नाला धाडतात, तिथे हाल, परत येणं, लग्न, घटस्फोट, शेवटी फ्रान्स. फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत आलं, इंग्लिशमध्ये २००३ आणि २००४ ला दोन भागांत, त्यातल्या दुसऱ्याचं भाषांतर अंजली सिंगचं आहे. सगळं काळं-पांढरं, मधला करडा रंग औषधालासुद्धा नाही.

आता अडचण अशी की चित्रांचं पुस्तक आहे म्हटल्यावर पोरं एका रात्रीत उडवतात आणि दुसऱ्या दिवशी "मॅम, झालं वाचून" म्हणून हाताची घडी घालून बसतात. झालं म्हणजे काय तर संवादांचे फुगे वाचून झाले, चित्राकडे कोणी ढुंकून बघितलेलं नसतं. वर्गात चर्चा घेतली की तेच ते चार बोलके जण बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. ब्लॉग कामाला येतो तो इथे, पण "या प्रकरणावर तुमचे विचार लिहा" असं सांगितलंत तर संपलं, मग नुसत्या पाट्या टाकतात आणि चॅटजीपीटी आहेच सेवेला, सगळ्यांच्या पोस्टमध्ये स्वातंत्र्य आणि ओळख आणि दडपशाही ओळीने उभे.

आमचा नियम एकच होता, एका पोस्टला एकच पॅनल, म्हणजे चित्राची एक चौकट. आणि ते पॅनल स्कॅन करून नाही टाकायचं, काळ्या पेनाने वहीत हाताने उतरवायचं, त्याचा फोटो काढायचा आणि मग त्याखाली लिहायचं. चित्रकला येत नाही म्हणून आधी खूप कुरकुर झाली. पण हाताने काढायला बसलं की काळा भाग कुठून कुठपर्यंत भरलाय, कोणाच्या भुवया वर आहेत, कोण फ्रेमच्या कडेला ढकललंय हे बघावंच लागतं, त्याला पर्यायच नाही. शिवाय पानंच्या पानं नेटवर चढवायचा कॉपीराइटचा घोळही टळतो. पहिल्याच पानावर १९८० चा शाळेतला फोटो आहे, डोक्यावर नवा नवा रुमाल घेतलेल्या मुलींचा, आणि मार्जी (पुस्तकातली लहान सत्रापी) सांगते की मी अगदी डावीकडे बसलेय त्यामुळे दिसत नाही. वर्गात हे पान आम्ही दोन मिनिटांत ओलांडलं होतं. ब्लॉगवर एका मुलीने लिहिलं की स्वतःची गोष्ट सांगायला बसलेली बाई पहिल्याच ग्रुप फोटोत स्वतःला कापून टाकते, हे मुद्दाम आहे. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं की पण रुमाल सारखे असले तरी त्या चौघींचे चेहरे सारखे नाहीत, काढताना कळलं. बास, मला एवढंच हवं होतं.

सगळ्यात जास्त जुंपली ती "द की" प्रकरणावर. त्यात गरीब घरच्या पोरांना सोनेरी रंग दिलेली प्लास्टिकची किल्ली देतात, युद्धात मेलात तर या किल्लीने स्वर्गाचं दार उघडेल म्हणून. शेवटच्या पानावर वर सुरुंगाच्या स्फोटात हवेत उडालेली पोरं, गळ्यात किल्ल्या, आणि खाली मार्जीची पहिली पार्टी, आईने विणलेला भोकाभोकांचा स्वेटर आणि गळ्यात साखळ्या-खिळ्यांचा हार घालून नाचणारी ती. वरच्यांचे हातपाय आणि खालच्यांचे हातपाय जवळपास तसेच फेकलेले. एकाने लिहिलं की लेखिका इथे स्वतःला अपराधी मानतेय, दुसरीने ठणकावून सांगितलं की अजिबात नाही, ती फक्त दोन घरांतला पैशाचा फरक दाखवतेय, अपराधीपणा तू तुझ्या घरचा आणलायस. तासाला ही मुलगी तोंड उघडत नाही हो! रात्री अकराला टाइप करताना मात्र जोरात.

म्हणून म्हणते, मार्क द्यायचेच असतील तर कमेंटला द्या. "नाइस पोस्ट", "सो ट्रू" वाली कमेंट धरायचीच नाही, री ओढणाऱ्याला शून्य, चित्रातली एखादी गोष्ट दाखवून समोरच्याचं म्हणणं पुढे नेलं किंवा खोडलं तरच मोजायची. आम्ही पोस्टला मार्क दिले तेव्हा पोस्ट लांबत गेल्या, चांगल्या झाल्या नाहीत.

दीड स्टार कुठे गेला? एक तर टूल. आम्ही घेतलेलं फुकटातलं होतं (नाव नको), मोबाइलवरून फोटो टाकला की आडवा व्हायचा आणि ड्राफ्ट गायब होणं नेहमीचंच. नवीन सुरू करणाऱ्यांनी एज्युब्लॉग्ज बघा, २००५ पासून आहे, शाळांसाठीच बनवलंय, मुलांना ईमेल नसला तरी खातं निघतं आणि शिक्षकाने पास केल्याशिवाय काही दिसत नाही असं सेटिंग ठेवता येतं. दुसरं म्हणजे वेळ, सगळ्या पोस्ट आणि त्याखालच्या कमेंट वाचायच्या म्हणजे रविवार गेला समजा, शाळा त्याचे तास कुठेही धरत नाही. आणि ब्लॉग बंदच ठेवा, फक्त वर्गाला दिसेल असा. छळाची चित्रं आहेत पुस्तकात, पालक विचारणारच. २०१३ मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांत सातवीच्या वर्गांतून हे पुस्तक काढायला लावलं होतं, तेव्हा पोरांनीच निषेध केला. मी पालकांना आधीच ती पानं दाखवून टाकते, नंतरची भांडणं वाचतात.

आयबीवाल्यांना एक फायदा जास्तीचा, लर्नर पोर्टफोलिओ (मुलाने स्वतःच्या वाचनाच्या नोंदी ठेवायची वही) तसाही ठेवावाच लागतो, बोर्ड त्याला मार्क देत नाही पण ठेवणं सक्तीचं, तर हा ब्लॉगच पोर्टफोलिओ म्हणून चालतो. इंडिव्हिज्युअल ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, दहा मिनिटं बोलायचं आणि पाच मिनिटं प्रश्न, तिथे ज्यांनी पॅनल हाताने काढलेलं होतं ती मुलं अडखळली नाहीत. स्टेट बोर्डवाल्यांनी हे सगळं वर्षभर करायच्या भानगडीत पडू नये, सिलॅबसच पुरा होत नाही, एखादं प्रकरण घेऊन पंधरा दिवस करून बघा.

आणि पुस्तक घेताना एकत्र आवृत्तीच घ्या, सगळ्यांनी तीच. अर्ध्यांकडे सुटे भाग असले की दुसऱ्या भागाचे पान नंबर जुळत नाहीत आणि कमेंटमध्ये निम्मी भांडणं "कुठलं पान?" यावरच होतात.